भाराखालच्या फ्रेममधली अंतर्गत बलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो आणि संध्याकाळी डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांना स्ट्रक्चरल ॲनालिसिस शिकवतो. त्यामुळे या विषयावरचे प्रश्न माझ्याकडे दोन दारांनी येतात. मुलं विचारतात, "सर, बीएमडी (बेंडिंग मोमेंटची आकृती) कुठल्या बाजूला काढायची?" उद्यमनगरातले फॅब्रिकेटर कॉलमच्या पायाबद्दल विचारतात, "साहेब, बेसला दोन बोल्ट टाकू का चार?" दोन्हींची उत्तरं एकाच हिशेबातून निघतात. तो हिशेब पुन्हा पुन्हा फळ्यावर मांडण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावा, म्हणून हे पान.

अंतर्गत बल म्हणजे नेमकं काय? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही.

दिसत नाही म्हणूनच कापून बघायचं, अर्थात कागदावर. उभ्या कॉलमला मनातल्या मनात मध्यावर हॅक्सॉ लावा. वरचा भाग खाली येईल, बाजूला सरकेल किंवा कलंडेल. तो होता तसाच जागेवर राहावा म्हणून कापलेल्या तोंडावर जे जे लावावं लागेल, ते त्या ठिकाणचं अंतर्गत बल. सपाट फ्रेममध्ये, म्हणजे बीम आणि कॉलम जोडून केलेल्या चौकटीत, अशा तीनच गोष्टी असतात. मेंबरच्या, म्हणजे एकेका बीमच्या किंवा कॉलमच्या, लांबीच्या दिशेने दाबणारं किंवा ओढणारं अक्षीय बल, मेंबरला आडवं कापू पाहणारं कर्तन बल म्हणजे आपला शिअर, आणि वाकवणारा बेंडिंग मोमेंट.

कापल्यावर दोन तुकडे होतात. कुठलाही घ्या, उत्तर एकच येतं, कारण दोन्ही तोंडांवरची बलं सारख्या मापाची आणि उलट दिशेची असतात. ज्या तुकड्यावर भार कमी तो घ्यावा, आकडेमोड वाचते.

बीम छान जमतो. फ्रेम आली की गोंधळ का होतो?

कोपऱ्यामुळे. साध्या बीममध्ये टोकाला मोमेंट शून्य असतो आणि अक्षीय बलाचा विचारच करावा लागत नाही. फ्रेममध्ये बीम संपतो तिथे कॉलम सुरू होतो आणि दिशा ९० अंशांनी फिरते. बीमचा शिअर कॉलममध्ये उतरतो तो अक्षीय बल होऊन. कॉलमचा शिअर बीममध्ये शिरतो तोही अक्षीय बल होऊन. मोमेंट मात्र नाव न बदलता कोपरा वळतो. कोपऱ्यात दोनच मेंबर असतील आणि तिथे बाहेरून मोमेंट लावलेला नसेल, तर कॉलमच्या माथ्यावर जितका मोमेंट तितकाच बीमच्या टोकाला. वाकण्यामुळे येणारा ताण, म्हणजे ओढ, आतल्या बाजूला असेल तर वळल्यावरही आतल्याच बाजूला राहतो.

हे तीन नियम पाठ करायची गरज नाही. कोपऱ्याचा छोटा तुकडा कापून वेगळा काढा, त्याच्यावरची बलं लिहा आणि बेरीज शून्य करा. नियम आपोआप समोर येतात.

एक आख्खं उदाहरण सोडवून दाखवाल का?

दाखवतो, आणि हीच फ्रेम पुढच्या प्रश्नांतही वापरणार आहे. शेजारी चित्र काढत वाचा.

डावा कॉलम अब, उंची ४ मीटर. बीम बक, लांबी ६ मीटर. उजवा कॉलम कड, उंची ४ मीटर. अ ला हिंज (फिरतो, पण सरकत नाही), ड ला रोलर (फिरतो आणि आडवा सरकतोही). बीमवर दर मीटरला १० किलोन्यूटन भार, आणि ब च्या पातळीवर डावीकडून उजवीकडे १२ किलोन्यूटन वारा.

आधी सगळी फ्रेम एकच तुकडा धरा. आडवा भार घेऊ शकणारा आधार फक्त अ आहे, म्हणून तिथे १२ किलोन्यूटन डावीकडे. आता अ भोवती मोमेंट घ्या, म्हणजे प्रत्येक बल गुणिले अ पासून त्याच्या रेषेचं काटकोनातलं अंतर, अर्थात हात. बीमवरचा एकूण भार ६०, त्याचा हात ३ मीटर, म्हणजे १८०. वाऱ्याचे १२ गुणिले ४, म्हणजे ४८. दोन्ही फ्रेमला उजवीकडेच कलंडवतात, म्हणून बेरीज २२८. ड ची उभी प्रतिक्रिया त्याला ६ मीटरच्या हाताने रोखते: २२८ भागिले ६ म्हणजे ३८ किलोन्यूटन. उरलेले २२ अ वर. मुलं इथे वाऱ्याचा हात ६ मीटर घेतात. बलाची रेषा आडवी असेल तर हात उभा मोजायचा, एवढं पक्कं ठेवा.

आता कॉलम अब अ पासून कुठल्याही उंचीवर कापा. खालच्या तुकड्यावर २२ चा दाब, १२ चा शिअर, आणि मोमेंट १२ गुणिले उंची. माथ्यावर ४८ किलोन्यूटन-मीटर. पायथ्याशी बल डावीकडे ढकलतंय, म्हणून ताण उजव्या, म्हणजे आतल्या बाजूला.

कोपरा ब बघा. कॉलमकडून १२ डावीकडे, वाऱ्याकडून १२ उजवीकडे. दोघांनी एकमेकांना संपवलं, बीममध्ये अक्षीय बल शून्य. उभे २२ बीमचा शिअर झाले. ४८ चा मोमेंट तसाच वळला, ताण बीमच्या तळाला.

बीममध्ये ब पासून अंतर मोजत गेलं तर मोमेंट म्हणजे ४८ अधिक २२ गुणिले अंतर वजा ५ गुणिले अंतराचा वर्ग. शिअर शून्य होतो २.२ मीटरवर आणि तिथला मोमेंट ७२.२ किलोन्यूटन-मीटर, फ्रेममधला सगळ्यांत मोठा. तो बीमच्या मध्यावर नाही, हेही बघून ठेवा. आता क ला काय येतं? ४८ अधिक १३२ वजा १८०, म्हणजे शून्य. आणि यायलाच हवं होतं, कारण कॉलम कड च्या पायाला आडवं बलच नाही, मग त्याच्या माथ्यावर मोमेंट येणार कुठून? बीम डावीकडून सोडवत आलो आणि उजव्या कॉलमने साक्ष दिली. फ्रेमच्या गणितात मला सगळ्यांत आवडणारी जागा हीच. पाठीमागे उत्तर छापलेलं नसलं तरी शेवटचा जॉइंट बरोबर का चूक ते सांगतो. शिअरही तसाच: क ला २२ वजा ६० म्हणजे उणे ३८, आणि कॉलम कड मधला दाबही ३८.

बीएमडी ताणाच्या बाजूला काढायची का दाबाच्या?

आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत सॅगिंग मोमेंट, म्हणजे बीमचं पोट खाली वाकवणारा, धन धरून रेषेच्या वर काढतात, म्हणजे साध्या बीममध्ये दाबाच्या बाजूला. परीक्षेत तुमच्या सरांची पद्धत पाळा. साइटसाठी मी मात्र नेहमी ताणाच्या बाजूला काढतो. काँक्रीटला ताण झेपत नाही, सळई ताणाकडे जाते, म्हणून आकृतीच सळईचा नकाशा होते. बार बेंडरला धन-ऋण समजावत बसावं लागत नाही. "रेघ जिकडं फुगली तिकडं बार," एवढं सांगितलं की तो कामाला लागतो.

फ्रेममध्ये धन-ऋणाच्या चिन्हांनी तसाही घोळ होतो. उभ्या कॉलमचा वरचा भाग कुठला आणि खालचा कुठला? त्यापेक्षा आकड्यापुढे "ताण आत" किंवा "ताण बाहेर" असं लिहा.

"साहेब, बेसला दोन बोल्ट टाकू का चार?"

या प्रश्नाचं उत्तर मी कधीच उभ्या उभ्या देत नाही. का ते बघा.

वरचीच फ्रेम, भार तेच, मापं तीच. फक्त ड चं रोलर काढून तिथेही हिंज ठेवा. प्रत्यक्षात शेडच्या पायाला सरकता आधार क्वचितच असतो, त्यामुळे खऱ्या जगाच्या हे जवळचं. बीम आणि कॉलमचे सेक्शन सारखेच धरू. आता आडवं बल दोन पायांत वाटलं जातं. समतोलाची तीन समीकरणं पुरत नाहीत, वाकण्याचा हिशेब घ्यावा लागतो. तो घेतला की बीमवरच्या भारामुळे दोन्ही पायांना आत ढकलणारं ५.१९ किलोन्यूटन बल येतं, आणि वाऱ्याचे १२ दोन्हींत ६-६ वाटले जातात. बेरीज केली तर अ ला फक्त ०.८१ आणि ड ला ११.१९, दोन्ही डावीकडे. उभ्या प्रतिक्रिया आधीच्याच, २२ आणि ३८.

मोमेंट बघा. ब ला ४८ होता, आता जेमतेम ३.२ राहिला. बीममधला ७२.२ उतरून २७.४ झाला. आणि क, जिथे शून्य होता, तिथे ४४.८ किलोन्यूटन-मीटर, तोही ताण बाहेरच्या बाजूला. भार एक किलोसुद्धा वाढला नाही, फक्त एका पायाचं सरकणं थांबवलं, आणि सगळ्यांत मोठा मोमेंट बीमच्या पोटातून उठून कोपऱ्यात जाऊन बसला.

तिसरी पायरी: दोन्ही पाय पूर्ण फिक्स, म्हणजे सरकणंही बंद आणि फिरणंही. मग क ला ३२.१, बीममध्ये २३, आणि ड च्या पायथ्याशी २५.७ किलोन्यूटन-मीटर. वरचे आकडे उतरले खरे, पण उतरलेला मोमेंट कुठे तरी जायलाच हवा. तो बेस प्लेटमधून, बोल्टमधून, फुटिंगमध्ये आणि तिथून जमिनीत गेला.

म्हणून कॉलमच्या मध्यरेषेवर दोन बोल्ट असतील तर तो पाय हिंजसारखा वागतो. कॉलमच्या फ्लँजच्या, म्हणजे कडेच्या दोन पट्ट्यांच्या, बाहेर चार बोल्ट, जाड प्लेट, तिला ताठ करणारे स्टिफनर आणि मोमेंट पेलणारं फुटिंग असेल तर तो फिक्सच्या जवळ जातो. नुसते चार बोल्ट टाकून खाली फुटिंग छोटंच ठेवलं, तर पाय हिंजही नाही आणि फिक्सही नाही. डिझाइन एका गृहीतावर आणि शेड दुसऱ्याच वागणुकीवर उभी राहते. आणि वारा उद्या उजवीकडून आला की ब आणि क च्या आकड्यांची अदलाबदल होते, तेव्हा दोन्ही कोपरे मोठ्या मोमेंटसाठीच करायचे. "वारं आमच्याकडं पश्चिमेकडनंच येतं" हे कारण चालत नाही.

फ्रेम नुसत्या समतोलाने सुटेल का नाही, हे आधीच कसं ओळखायचं?

मेंबरची संख्या गुणिले ३, त्यात आधारांच्या प्रतिक्रिया मिळवा, त्यातून जॉइंटची संख्या गुणिले ३ वजा करा. आत कुठे हिंज असेल तर प्रत्येकासाठी आणखी १ वजा. शून्य आलं तर समतोल पुरतो. आपल्या फ्रेममध्ये ३ मेंबर, ४ जॉइंट: हिंज-रोलरला ९ अधिक ३ वजा १२ म्हणजे ०, दोन्ही हिंजला १, दोन्ही फिक्सला ३. शून्य आलं तरी फ्रेम पत्त्याच्या घरासारखी घडी होणारी नाही ना, हे चित्राकडे बघून ठरवायचं. तेवढं सूत्राला कळत नाही.

पिनने जोडलेल्या फ्रेमचं वेगळं काय?

पिनमधून मोमेंट पलीकडे जात नाही, म्हणून प्रत्येक मेंबर सुटा काढून त्याचा समतोल लिहायचा. ज्या मेंबरला फक्त दोन टोकांच्या पिना आहेत आणि मधे काही भार नाही, त्यात निव्वळ ओढ किंवा दाब असतो. तिसऱ्या ठिकाणी काही जोडलं की तो मेंबर वाकतो.

रंगाऱ्याची दुपायी शिडी, आपण घोडा म्हणतो ती, हे घरातलं उदाहरण. उंची २.४ मीटर, पायांतलं अंतर २ मीटर, वर बिजागरी, मधे बांधलेली दोरी. माणूस अगदी माथ्यावर, वजन साधारण ८०० न्यूटन. फरशी गुळगुळीत धरा. प्रत्येक पायाखाली ४००. एक पाय सुटा काढा आणि बिजागरीभोवती मोमेंट घ्या: ४०० गुणिले १ मीटर बरोबर दोरीची ओढ गुणिले तिचं बिजागरीपासूनचं उभं अंतर. दोरी अर्ध्या उंचीवर, म्हणजे बिजागरीच्या १.२ मीटर खाली असेल तर ओढ ३३३ न्यूटन. जमिनीपासून ०.३ मीटरवर बांधली तर हात २.१ मीटर होतो आणि ओढ १९० वर येते. पायाच्या लाकडाचं वाकणं बघा: दोरीच्या जागी मोमेंट पहिल्या वेळी ४०० गुणिले ०.५ म्हणजे २०० न्यूटन-मीटर, दुसऱ्या वेळी ४०० गुणिले ०.१२५ म्हणजे ५०. दोरी खाली सरकवली आणि लाकडाला चौपट आराम मिळाला. मग सगळे जण दोरी मधेच का बांधतात? खाली बांधली तर पायात अडकते. डिझाइनमध्ये असल्या अडचणींनाही आकड्याइतकाच मान द्यावा लागतो.

बंधाऱ्याच्या बरग्यांवर भार कसा धरायचा?

हा प्रश्न आपल्याच भागातल्या मुलांना पडतो, आणि पडायलाच हवा, कारण के. टी. वेअर म्हणजे कोल्हापूर टाइप वेअर, अर्थात बंधारा. दगडी किंवा काँक्रीटचे खांब आणि त्यांच्या खाचांत एकावर एक बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो: ३ मीटर खोलीला दर चौरस मीटरला २९.४ किलोन्यूटन. वर शून्य, खाली २९.४, असा त्रिकोण.

पण बरगा आडवा पडलेला असतो. तो खांबापासून खांबापर्यंत साध्या बीमसारखा वाकतो आणि त्याच्या लांबीवर दाब सगळीकडे सारखाच असतो. म्हणजे त्रिकोणी भार खांबाला, समान भार प्रत्येक बरग्याला, फक्त खालच्या बरग्याला जास्त. सगळ्यांत खालचा ०.३ मीटर उंचीचा बरगा घ्या, खांबांतलं अंतर २ मीटर धरा. सरासरी खोली २.८५ मीटर, भार दर मीटरला ८.४ किलोन्यूटन, मध्यावर मोमेंट ४.२ किलोन्यूटन-मीटर. अगदी वरच्या बरग्याला ०.२२. एकाच खाचेत बसलेले, पण मोमेंट जवळपास १९ पट. खांबावर दोन्ही बाजूंचे बरगे टेकतात, म्हणून त्याला प्रवाहाच्या दिशेने ढकलणारा भार एका पूर्ण गाळ्याचा असतो. कडेच्या खांबाला अर्ध्या गाळ्याचा, दुसऱ्या अंगाला मातीचा दाब वेगळा.

शेडच्या छतावर भार खालीच असतो ना? मग रॅफ्टरचा खालचा फ्लँज कशाला बघायचा?

रॅफ्टर म्हणजे छताचा मुख्य तिरका बीम. पत्र्याचं छत हलकं असतं आणि वारा ते ओढून वर उचलतो. उचलणारा भार छताच्या वजनापेक्षा जास्त झाला की मोमेंटची सगळी आकृती उलटते. रॅफ्टरच्या मधल्या भागात ज्या खालच्या फ्लँजला ताण होता त्याला दाब येतो. वरच्या फ्लँजला पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनने धरून ठेवलेलं असतं, खालच्याला कोणीच नाही, म्हणून तो बाजूला पिळवटून जाऊ शकतो. त्यासाठीच पर्लिनपासून खालच्या फ्लँजला तिरके तुकडे जोडतात. काँक्रीटच्या आयएस ४५६:२००० मध्ये ०.९ पट स्थिर भार (स्वतःचं वजन) आणि १.५ पट वारा असं एक संयोजन आहे ते याच भीतीने, आणि स्टीलच्या आयएस ८००:२००७ मध्येही तोच विचार आहे. वजन जिथे आपल्या मदतीला येतं तिथे ते कमीच धरायचं.

पाया थोडा खचला तर फ्रेममध्ये बलं येतात का?

समतोलाने सुटणारी फ्रेम असेल तर नाही, ती नुसती कलते. बाकीच्यांत येतात, आणि आकडा बघून मुलं दचकतात. २३० बाय ४५० मिलिमीटरचा बीम, एम २५ काँक्रीट, लांबी ६ मीटर, दोन्ही टोकं फिक्स. एक टोक १० मिलिमीटर खचलं तर ६ गुणिले ईआय (बीमचा वाकण्याविरुद्धचा ताठरपणा) गुणिले खचणं भागिले लांबीचा वर्ग, म्हणजे टोकाला सुमारे ७३ किलोन्यूटन-मीटर. काँक्रीटला तडे जातात, काळाबरोबर ते सैलावतं, म्हणून प्रत्यक्षात इतका येत नाही. तरीही करंगळीच्या जाडीइतकं खचणं आपल्या उदाहरणातल्या भाराच्या बरोबरीला बसतं. पंचगंगेच्या काठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळ्या मातीवर असेल तर माझी पहिली चौकशी पायाची असते, बीमच्या सळईची नंतर.

तापमानाचंही तसंच आहे. फ्रेमला पसरायला वाव असेल तर बल नाही, अडवली तर आहे.

सॉफ्टवेअर असताना हाताने कशाला सोडवायचं?

सॉफ्टवेअर मीही रोज वापरतो. पण चुकीचा आधार दिला तरी ते तितक्याच सुबक आकृत्या काढून देतं. बेसच्या प्रश्नातली तिन्ही उत्तरं संगणकाने निमूटपणे दिली असती. तुमची शेड त्यांतली कुठली, ते तुम्हीच सांगायचं असतं.

हाताच्या पद्धती पिढ्यांनी घासून घेतलेल्या आहेत. जॉर्ज मेनी यांनी १९१५ मध्ये स्लोप डिफ्लेक्शन मांडली. हार्डी क्रॉस यांची मोमेंट डिस्ट्रिब्यूशन १९३० मध्ये प्रसिद्ध झाली आणि संगणक येईपर्यंत जगभरच्या इमारती तिच्यावर उभ्या राहिल्या. ती शिका, कारण मोमेंट जॉइंटमधून ताठरपणाच्या प्रमाणात कसा वाटला जातो हे ती हाताला शिकवते. आणि अंदाजासाठी पोर्टल पद्धत. तीन कॉलमच्या मजल्यावर ४० किलोन्यूटन आडवा भार आला तर कडेच्या कॉलमना १०-१० आणि मधल्याला २०. मजला ३ मीटर, मोमेंट मध्यावर शून्य धरला तर कडेला १० गुणिले १.५ म्हणजे १५ आणि मधे ३०. दोन मिनिटांचं काम. संगणकाने मधल्या कॉलमला ३० च्या आसपास दाखवलं तर पुढे जा. ३०० दाखवलं तर थांबा.

माझं आणि सॉफ्टवेअरचं उत्तर जुळत नाही. चूक कुठे शोधू?

आधी सगळ्या प्रतिक्रियांची बेरीज आणि सगळ्या भारांची बेरीज. न जुळणारी बहुतेक उत्तरं इथेच सापडतात: स्वतःचं वजन दोनदा धरलेलं, किंवा भिंतीचा भार एका बीमवर द्यायचा राहिलेला. मग आधार आणि रिलीज, म्हणजे मेंबरच्या टोकाला मोमेंट सोडून दिलेल्या जागा. मग मेंबरचे स्थानिक अक्ष, कारण कॉलम ९० अंशांत फिरवलेला असेल तर तो भलत्याच बाजूने कमकुवत दिसतो. शेवटी विक्षेपाचा आकार. फ्रेम वाकलेली बघा आणि स्वतःला विचारा, अशी वाकेल का ती?

सज्ज्याची सळई वर का? सगळीकडे तर खाली असते.

सज्जा भिंतीतून बाहेर आलेला असतो, भार त्याला खाली वाकवतो, ताण वरच्या बाजूला येतो. इतकंच उत्तर आहे, पण याच्यापायी मी एक रात्र जागलो आहे. कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षी एका बंगल्याच्या स्लॅबला मी उभा होतो. सज्ज्याच्या सळया सकाळी मीच तपासल्या, अगदी जागेवर होत्या. दुपारी माल ओतताना माणसं त्यांच्यावरून ये-जा करत होती आणि मी दुसऱ्या टोकाला होतो. परत येऊन ओल्या काँक्रीटमध्ये गज खुपसून बघितला तर वरची जाळी चार सेंटिमीटर खाली दबलेली. १२५ मिलिमीटरचा सज्जा, सळईची उपयोगी खोली १०० मिलिमीटर हवी, ती ६० राहिली. मोमेंट पेलायची ताकद जवळपास ४० टक्क्यांनी गेली. काँक्रीट घट्ट व्हायच्या आत जाळी उचलून खाली खुर्च्या, म्हणजे जाळीला वर धरणारे छोटे आधार, लावून घेतल्या, पण सेंटरिंग काढण्याच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून सज्ज्याच्या जाळीखाली खुर्च्या दाट आणि वर चालायला फळ्या टाकल्याशिवाय मी माल ओतू देत नाही.

खाली पार्किंग आणि वर फ्लॅट, यात एवढं काय बिघडतं?

वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती फ्रेमला ताठ करतात. पार्किंगमध्ये भिंती नाहीत. भूकंपात सगळ्या इमारतीचा आडवा शिअर तळमजल्याच्या मोकळ्या कॉलममधून जमिनीत जातो आणि सगळं हलणं तिथेच साठतं. कॉलमच्या दोन्ही टोकांचा मोमेंट म्हणजे शिअर गुणिले अर्धी उंची, तेव्हा पार्किंग उंच केलं की तोही वाढतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती पडल्या. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी अनुभवला ती माणसं कोल्हापुरात अजून आहेत. एकदा त्यांच्याशी बोला. पार्किंगच्या कॉलममध्ये टोकांना उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळ जवळ बांधायच्या आणि त्यांचे हूक १३५ अंशांत आत वळवायचे. बाहेरच्या कव्हरचं काँक्रीट गळून पडलं की ९० अंशांचा हूक उघडतो आणि मग सळईला धरायला काही उरत नाही.

माझी फ्रेम तपासून हवी असेल तर काय पाठवू?

हाताने काढलेलं चित्र चालेल, मापं मीटरमध्ये आणि सेक्शनची नावं लिहिलेली. छतावर काय आहे, क्रेन किंवा चेन ब्लॉक टांगणार आहात का आणि किती टनाचा, हे. तुम्ही काढलेल्या प्रतिक्रिया, चुकीच्या वाटल्या तरी. आणि शेड उभी असेल तर प्रत्येक कॉलमच्या बेस प्लेटचा जवळून फोटो, माती बाजूला करून, सगळे बोल्ट दिसतील असा.